एका टाकीत इग्वेई, आणि परत

क्रुसिताची गॅलरी अर्धीच पुसून झाली होती. दारापासून खांबापर्यंतची फरशी ओली, चकचकीत. खांबाच्या पलीकडे अजून धूळ आणि कोंबडीची पावलं. मी कोरड्या बाजूला बसून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होते. बसले होते ती काही खुर्ची नव्हती. ती होती क्रुसिताच्या गाडीची मागची बैठक. खरं कातडं, शिवणीला पांढरा दोरा, मान टेकायला उशी. गाडीत गॅसची टाकी बसवली तेव्हा तीन रांगांतली सर्वांत मागची काढावी लागली, आणि क्रुसिता असली वस्तू फेकून देणारी बाई नव्हे. दोन ओंडक्यांवर तिनं ती मांडली, आणि मोका गावातल्या आमच्या गल्लीत कातडी सोफा असलेली गॅलरी फक्त तिची.

बुधवार होता, जानेवारीची सतरा तारीख. फोन वाजला तशी तिनं पोछा खांबाला टेकवला. तिकडून नेफ्ताली, तिचा मुलगा; आमच्याकडं आईलाच मामी म्हणतात. परदेशात, लॉरेन्सला, पावाच्या कारखान्यात काम करतो.

"आशीर्वाद, मामी."

"देव तुझं भलं करो. जेवलास?"

"जेवलो. मद्रिना आहे का तिथं? आशीर्वाद, मद्रिना."

मी त्याची धर्ममाता. त्याच्या बाप्तिस्म्याला त्याला मीच हातात धरलं होतं, तेव्हापासून क्रुसिता आणि मी एकमेकींना कोमाद्रे म्हणतो आणि अहो-जाहो करतो. मी आशीर्वाद दिला. मग त्यानं घसा खाकरला.

"मामी, यिपेता विकायची."

क्रुसिता ओल्या फरशीवरच उभी राहिली.

"विमा मी भरतो," तो म्हणाला. "दर वर्षीचा कराचा स्टिकर मी भरतो. मागच्या वर्षी चार टायर मी घेतले, एकेक टायर म्हणजे एकेक बोकड. सहा सिलिंडरचं इंजिन आहे मामी ते, उन्हातून आलेल्या घोड्यासारखं पितं. आणि तू जातेस कुठं? चर्चला. चर्च चारशे मीटरवर आहे!"

"पाऊस असतो."

"मामी!"

"आणि मिंगाचे गुडघे दुखतात. तिला घरी सोडावं लागतं."

"सालसेदोचा तेलेस्फोरो सोमवारी दहाला येईल. त्याच्याकडं अशीच एक आहे, दुसरी बायकोला हवी आहे. रोख देतोय."

क्रुसितानं खांबाला टेकवलेला पोछा सरळ केला. मग एकदम म्हणाली, "इग्वेई."

"काय इग्वेई?"

"एकवीस तारखेला तिथं आल्ताग्रासिया मातेचा सण. शनिवारी आम्ही निघतोय. मोका ते इग्वेई आणि परत मोका, एका टाकीत. वाटेत गॅस भरला तर सोमवारी मी स्वतः तेलेस्फोरोच्या हातात किल्ली देईन. नाही भरला तर तू पुन्हा विकायचं नाव काढायचं नाही."

तो हसला. "मामी, सहाशे किलोमीटर आहेत. टाकीत पंचवीस गॅलन मावतात. ती गाडी आहे, गाढव नाही."

"मग घाबरतोस कशाला?"

"आणि गॅस संपला की पेट्रोलवर यायचं, तेही चालणार नाही."

"पेट्रोलचा एक थेंब घेणार नाही."

"लिहिणार कोण?"

"तुझी मद्रिना. तिची हिशोबाची वही आहेच."

"मद्रिना दर शुक्रवारी कबुलीजबाबाला जाते," तो म्हणाला, "ती खोटं लिहिणार नाही. ठीक आहे मामी. पैज."

फोन ठेवून तिनं माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे असे चमकत होते की मला वाटलं, रडतेय. रडत नव्हती. "कोमाद्रे," ती म्हणाली, "शेंगा राहू द्या. चला, टायर बघू." फरशी अर्धी राहिली ती राहिलीच.

आमच्या बेटावर असल्या उंच, रुंद, अख्खं घर पोटात घेणाऱ्या गाडीला यिपेता म्हणतात, आणि जिच्या दारात ती उभी असते तिला लोक आपोआप दोन्या, म्हणजे बाईसाहेब, म्हणायला लागतात. क्रुसिताला त्याचं फारसं कौतुक नव्हतं. तिला काय हवं होतं ते कळायला तिचं आधीचं आयुष्य माहीत पाहिजे, आणि ते मला माहीत आहे, कारण चाळीस वर्षं आमच्यामध्ये एकच कुंपण आहे.

जामाओच्या डोंगरात तिचा जन्म. तिथून बाजाराला उतरायचं ते खेचरावर. कोकोची पोती पुढं, क्रुसिता पोत्यांच्या मागं. लग्न झालं पोलोशी. पोलोकडं मोटरसायकल होती. त्यावर क्रुसिता बसायची एका अंगानं, सर्वांत मागं. पुढं एक पोर, मधे एक पोर, मांडीवर बाहुलीएवढा नेफ्ताली. मग पोलोची नोकरी गेली आणि ही रताळ्याचा गोड पाव भाजून सान्तियागोच्या बाजारात विकायला लागली. तीस वर्षं पहाटेच्या बसमध्ये, टोपली मांडीवर, आणि कंडक्टरची एकच आरोळी: "मागं सरका बाई, मागं जागा आहे!" मागं जागा कधीच नसायची. पण सरकायची तीच.

पोलो वारला. त्यानंतर एका नाताळला नेफ्तालीनं बोटीतून ही यिपेता आणली. काळी, मोठी, आत शिरलं की नव्या बुटांच्या खोक्याचा वास. पंधरा दिवस तो गल्लीतून वर-खाली फिरला, मागच्या भागात दोन कपाटांएवढे स्पीकर, आणि माझ्या मांडणीतले पेले त्या तालावर एकमेकांवर आपटत होते. सुट्टी संपली, तो गेला, किल्ली खिळ्याला लटकत राहिली. चार महिने गाडी आंब्याखाली उभी होती. कोंबड्या तिच्याखाली अंडी घालायच्या.

एक दिवस क्रुसिता कुंपणाशी आली. "कोमाद्रे, तुमच्या नवऱ्याला विचारा, मला शिकवतो का."

तेव्हा ती त्रेपन्न वर्षांची होती. माझा नवरा व्हेन्तुरा तीस वर्षं भाड्याची गाडी चालवून नुकताच घरी बसला होता आणि मला स्वयंपाकात सल्ले देत होता, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. त्यानं तिला बेसबॉलच्या मैदानात नेलं. पहिल्या दिवशी ती सरळ जाऊन कुंपणाच्या जाळीत शिरली. व्हेन्तुरा लग्नानंतर चर्चमध्ये तीनदा गेला असेल, पण त्या दिवशी त्यानं गाडीतच क्रूसाची खूण केली. दुसऱ्या परीक्षेत तिला लायसन मिळालं. त्या संध्याकाळी तिनं मला बाजूला बसवून गावाला एक फेरी मारली, आणि चौकात थांबून म्हणाली, "कोमाद्रे, बघा. पुढं बसलं की रस्ता किती रुंद दिसतो."

पण यिपेता पेट्रोल प्यायची ते खरंच. दर शुक्रवारी दुपारी रेडिओवर इंधनाचे नवे भाव सांगतात. इतर बायका लॉटरीचे आकडे ऐकतात तशी क्रुसिता हात पुसत ते ऐकायची. पेट्रोल गॅलनला तीनशे पेसोच्या आसपास, आणि गॅस त्याच्या निम्म्याहून कमी. स्वयंपाकाचं सिलिंडर जिथं भरतो तिथंच गाड्यांचीही टाकी भरतात. क्रुसितानं भिशीचा आपला नंबर आला तशी सगळी रक्कम नोनोन मिस्त्रीला दिली आणि गॅसची टाकी बसवून घेतली. "ज्या गॅसवर माझा राजमा शिजतो," ती म्हणाली, "त्याच्यावर ही पळेल."

आणि गॅस वाचवणं तिला शिकवावं लागत नाही. राजमा नव्वद टक्के शिजला की ती शेगडी बंद करते, पातेलं जुन्या टॉवेलात गुंडाळते, उरलेलं पातेलं आपलं आपण शिजवतं. एक सिलिंडर मला महिनाभर जातं, तिला सात आठवडे. म्हणून पैजेची मला फार भीती वाटली नाही. आनंदच होता. गुरुवारी-शुक्रवारी आमची गल्ली लग्नघर झाली होती.

आधी स्पीकर काढले. व्हेन्तुरा आणि शेजारचे दोघे मिळून ते उचलत होते, तेव्हा व्हेन्तुरा म्हणाला, "ही गाणी नव्हेत, ही थडगी आहेत." छतावरची कॅरियरची नळी काढली. जॅक, पाना आणि स्टेपनी सोडून सगळं बाहेर आलं: छत्र्या, रताळ्याची जुनी टोपली, नेफ्तालीचे नाताळचे बूट, तीन पाण्याच्या बाटल्या, एक पुठ्ठ्याचा पंखा. टायरवाल्याकडं जाऊन हवा कडक करून घेतली. नोनोननं हवेची जाळी बदलली, प्लग साफ केले, आणि शुक्रवारी संध्याकाळी टाकी गळ्यापर्यंत भरून तिच्या झाकणावर रंगीत चिकटपट्टी लावून त्यावर सही केली, म्हणजे वाटेत कुणी झाकण उघडलं तर कळेल.

"दोन्या क्रुसिता," तो म्हणाला, "एक ऐका. गाडी पेट्रोलवर सुरू होते, गरम झाली की गॅसवर जाते. पेट्रोल पाव टाकीच्या खाली कधी नको. टाकीतला पंप गॅसवरही फिरतच असतो, आणि पेट्रोलात बुडून थंड राहतो. कोरडा फिरला की जळला. तुमच्या नेफ्तालीनं एकोणिसाव्या वर्षी काकाच्या टॅक्सीचा पंप असाच जाळला होता, आठवतं?"

"न आठवायला काय झालं? माझी चप्पल तुटली त्याच्या पाठीवर."

"मग आता पेट्रोल किती आहे?"

काटा लाल रेघेच्या बोटभर वर होता.

"भरा पाच गॅलन."

"आणि त्याचं वजन कोण ओढणार?" क्रुसिता म्हणाली. "पेट्रोल जाळायचं नाहीच, मग इग्वेईपर्यंत त्याला फिरवून आणू? सुरू व्हायला लागतं तेवढं आहे."

"दोन्या..."

"तो पोरगा होता, नोनोन. मी आई आहे."

नोनोननं माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं. मला यंत्रातलं काय कळतं?

शनिवारी पहाटे पाच वाजता आम्ही चौघं निघालो: चाकामागं क्रुसिता, शेजारी मी वही घेऊन, मागं व्हेन्तुरा आणि मिंगा. मिंगा म्हणजे आमच्या जपमाळ मंडळातली, अंगानं भरलेली आणि गुडघ्यानं अधू. व्हेन्तुरानं बसताच विचारलं, "कोमाद्रे, मिंगाचं वजन करून घेतलंत का?"

"तुमची ढेरी घरी ठेवता आली असती तर मी आणखी दोन मिंगा घेतल्या असत्या," क्रुसिता म्हणाली.

गॅसच्या बटणावर चार हिरवे ठिपके असतात आणि खाली एक लाल. आमचे आठही डोळे त्या चार ठिपक्यांवर. क्रुसिता ऐंशीच्या वर जात नव्हती. पाय असा ठेवायची जणू खाली अंडं आहे. उतार आला की पाय काढून घ्यायची आणि आम्ही सगळे श्वास धरायचो. ट्रक मागून भोंगे वाजवत पुढं जायचे. एका म्हाताऱ्या टेम्पोनं, वर केळ्यांचे घड, आम्हाला ओव्हरटेक केलं, आणि व्हेन्तुरानं डोळे झाकले.

"तीस वर्षं गाडी चालवली," तो म्हणाला, "केळ्यांच्या मागं कधी राहिलो नाही."

"काच खाली करू का?" मिंगानं विचारलं. "घाम येतोय."

"काच उघडली की वारा गाडीला मागं ओढतो," क्रुसिता म्हणाली.

"मग ए.सी. लावा."

"ए.सी. गॅस खातो."

"मग मी काय करू?"

"जपमाळ घ्या."

आम्ही जपमाळ घेतली. पहिल्या पाच रहस्यांत, म्हणजे माळेच्या एका फेरीत, बोनाओ गाव मागं गेलं. राजधानी दिसायला लागली तेव्हा पहिला हिरवा ठिपका विझला आणि मी वहीत लिहिलं: एकशे बेचाळीस किलोमीटर. क्रुसितानं स्टिअरिंगवर थाप मारली. एका ठिपक्याला एकशे बेचाळीस! चाराचे किती झाले? व्हेन्तुरानं मागून मोजलं: पाचशे अडुसष्ट. "तीसेक कमी पडतात," तो म्हणाला.

"लाल ठिपका मोजला नाहीत."

"लाल ठिपका म्हणजे देवाचा भरवसा."

"मग मोजायलाच हवा," मी म्हटलं, आणि मिंगा इतकी हसली की गाडी हलली.

इग्वेईला पोचलो तेव्हा तीनशे नऊ किलोमीटर झाले होते आणि दोन ठिपके शिल्लक होते. बॅसिलिकेच्या त्या उंच कमानीखाली माणूस माणसाला चिकटलेला. संत्र्यांचे ढीग, मेणबत्त्यांचा धूर, गुडघ्यांवर चालत येणारे नवसाचे लोक. क्रुसितानं मातेसमोर उभं राहून काय मागितलं ते मी विचारलं नाही. मी स्वतः मात्र गॅसचं मागितलं, आणि मग लाज वाटून जगाच्या शांतीचंही मागितलं.

रविवारी प्रार्थना झाली आणि मिंगा हरवली. अर्ध्या तासानं सापडली ती दोन हमालांच्या मागून येताना. हमालांच्या हातात सिमेंटची माता. कमरेएवढी उंच, निळा झगा, सोनेरी किरणं.

"माझ्या अंगणासाठी," मिंगा म्हणाली. "बारा वर्षं पैसे साठवत होते."

क्रुसिता मातेकडं बघत राहिली. "मिंगा," ती हळूच म्हणाली, "वजन किती?"

"चाळीस किलो."

मातेला कोण म्हणणार, तू जड आहेस, राहा इथंच? क्रुसिताचे ओठ हलत होते. ती देवाशी बोलत होती की चाळीस किलोंचा हिशोब करत होती, देव जाणे.

शेवटी व्हेन्तुरा पुढं झाला. "माझं वजन एक्क्याण्णव," तो म्हणाला. "मातेला माझ्या जागेवर बसवा. मी बसनं येतो."

"कोम्पाद्रे!" क्रुसिता म्हणाली.

"बसमध्ये ए.सी. असतो," तो म्हणाला, आणि वळून पाहिलंही नाही. मला माझ्या नवऱ्याचा इतका अभिमान लग्नाच्या दिवशीही वाटला नव्हता. मी लिहिलं: परतीला व्हेन्तुरा उतरला, माता चढली. मातेला पट्टा बांधला, मिंगानं तिच्या खांद्यावर हात टाकला, आणि आम्ही निघालो.

सान पेद्रोपर्यंत सगळं सुंदर. पन्नास किलो कमी झालेली गाडी वाऱ्यासारखी हलकी, असं क्रुसिता म्हणत होती. तिसरा ठिपका राजधानीच्या अलीकडं विझला. आणि मग पुलाजवळ गर्दी. अर्धा देश इग्वेईहून एकाच वेळी घरी निघालेला. गाडी एक हात पुढं जायची आणि थांबायची.

"उभ्या उभ्या गॅस जळतो," क्रुसिता म्हणाली आणि तिनं इंजिन बंद केलं. पुढची गाडी हलली की सुरू करायची. दहा पावलं. बंद. सुरू. बंद. राजमा टॉवेलात गुंडाळावा तसं. मी मोजत होते, एकतीस वेळा. आम्हाला दोघींना एकदाही सुचलं नाही की प्रत्येक वेळी गाडी आधी पेट्रोल पितेय.

बत्तिसाव्या वेळी ती सुरूच झाली नाही.

खर्र, खर्र, आणि गप्प. पुलाच्या ऐन मध्यावर. खाली नदी, मागं भोंग्यांचा कल्लोळ. शेजारच्या टॅक्सीवाल्यानं मागच्या बैठकीकडं पाहिलं आणि ओरडला, "दोन्या, मातेला ढकलायला सांगा की!"

"तुझ्या सासूला सांग!" मिंगा ओरडली, आणि लगेच मातेची माफी मागितली.

क्रुसिताच्या कपाळावर घामाचे थेंब होते. "नोनोन म्हणाला होता," ती पुटपुटली, "हे बटण दाबून धरलं की सरळ गॅसवर..." तिनं बटण दाबलं. दहापर्यंत मोजलं. मी तिच्याबरोबर मोजलं, मिंगानं मोजलं. किल्ली फिरवली. यिपेता एकदा थरथरली, खोकली, आणि गुरगुरायला लागली.

मिंगानं मातेचा मुका घेतला. टॅक्सीवाल्यानं टाळ्या वाजवल्या. मी वही छातीशी धरून इतक्या मोठ्यानं हसले की मलाच आवाज ओळखू येईना. त्यानंतर क्रुसितानं इंजिन बंद केलं नाही.

बोनाओ ओलांडलं आणि चौथा हिरवा ठिपका गेला. लाल लागला. साठ किलोमीटर राहिले होते. ला वेगाच्या वळणावर लाल ठिपका उघडझाप करायला लागला. "उतार आहे, उतार आहे," क्रुसिता म्हणत होती, आणि चढ आला की पुढं झुकत होती, जणू तिच्या झुकण्यानं गाडी वर जाईल. मीही झुकले. मिंगाही. मोकाच्या चर्चचा मनोरा दिसला तशी मिंगा मोठ्यानं गाऊ लागली आणि आम्ही दोघींनी साथ धरली. गल्लीत शिरलो, आंब्याखाली आलो, क्रुसितानं इंजिन बंद केलं. सहाशे अठरा किलोमीटर.

गॅलरीत, कातडी बैठकीवर, व्हेन्तुरा कॉफी पीत बसला होता. "दोन तास झाले येऊन," तो म्हणाला. "वाटेत जेवलो सुद्धा." क्रुसितानं जाऊन त्याच्या डोक्याचा मुका घेतला.

सोमवारी सकाळी नऊला नोनोन आला. त्यानं झाकणावरची पट्टी बघितली, सही बघितली, मान डोलावली. "जिंकलात, दोन्या. पंचवीस गॅलन, सहाशे अठरा. मी हे शपथेवर सांगितलं तरी कुणाला खरं वाटणार नाही." मग त्यानं सवयीनं किल्ली फिरवली आणि कान दिला. पुन्हा फिरवली. पुन्हा कान.

"पंप गात नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"चावी दिली की पंप गुणगुणतो. हा गप्प आहे. पेट्रोल पुलावर संपलं आणि तिथून इथपर्यंत तो कोरडा फिरला. जळला. टाकी उतरवायची, नवा बसवायचा. साडेनऊ हजार पेसो, माझी मजुरी धरून."

साडेनऊ हजार! ह्या प्रवासाचा सगळा गॅस साडेतीन हजाराच्याही आत होता. क्रुसिता पायरीवर बसली. वही माझ्या मांडीवर उघडी होती. मी लिहिलं होतं: किलोमीटर सहाशे अठरा, पट्टी शाबूत. खाली एक ओळ मी कोरी ठेवली होती. पैज टाकीची होती. पंपाबद्दल कुणी काही बोललं नव्हतं.

क्रुसितानं मान वाकवून वहीत पाहिलं. "ही ओळ का कोरी?"

"पैज टाकीची होती, कोमाद्रे."

"आणि शुक्रवारी कबुलीजबाबाला बसाल तेव्हा फादरला काय सांगाल? क्रुसिताचा पंप पोटात ठेवलाय?" तिनं पेन माझ्या हातात दाबलं. "लिहा. त्याला मीच सांगते."

फोन लागला. नेफ्तालीनं आशीर्वाद मागितला, मिळाला. मी वाचून दाखवलं. सहाशे अठरा ऐकून तो ओरडला: "काय? मामी, माझी इथली छोटी गाडी एवढ्यात एवढी जात नाही!"

"थांब," क्रुसिता म्हणाली. "पंप जळाला."

"कुठला पंप?"

"पेट्रोलचा. पेट्रोल संपू दिलं मी. नोनोननं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

क्रुसितानं डोळे मिटले. मी मनात मातेचं नाव घेतलं. आणि मग फोनमधून असा काही आवाज आला की मला आधी वाटलं तो रडतोय. तो हसत होता. त्याला बोलता येईना.

"मामी," तो कसाबसा म्हणाला, "तुझी चप्पल कुठंय?"

"पायात."

"मद्रिनाकडं दे. माझ्या पाठीची फेड करून घे म्हणावं!"

मी चप्पल खरंच हातात घेतली, आणि आम्ही तिघं असे हसलो की नोनोनला गाडीखालून बाहेर यावं लागलं.

मग नेफ्तालीचं हसू ओसरलं. "पैज एका टाकीची होती. टाकी पुरली. यिपेता तुझी. पण पंपाचे पैसे माझ्याकडून नाहीत, मामी. तेव्हा काकाच्या पंपाचे तू माझ्याकडून पै-पै करून घेतले होतेस."

"घेतले होते," क्रुसिता म्हणाली. "बरोबर आहे."

दहाला तेलेस्फोरो आला. भलामोठा माणूस, पांढरा सदरा, खिशात रोकड. गाडी विकायची नाही म्हटल्यावर तो लालबुंद झाला. सालसेदोहून आलोय, पेट्रोल जाळून आलोय, बायकोला काय सांगू? क्रुसितानं त्याला बसायला सांगितलं, कॉफी आणली. तो धपकन बसला, माझ्या शेजारी, आणि बसता बसता थबकला. हात बैठकीवरून फिरवला. शिवणीचा पांढरा दोरा बोटानं चाचपला.

"ही... ही मागची रांग?"

"मागची रांग."

"माझ्या गाडीची नातवंडांनी फाडून ठेवलीय. एकानं त्यावर बकरी बांधली होती." तो उभा राहिला, वाकून खालचे बोल्ट बघायला लागला. "अशी मिळत नाही कुठं. किती घेणार?"

क्रुसितानं माझ्याकडं पाहिलं. मी तुरीची परात उचलली आणि उठले.

"बारा हजार," क्रुसिता म्हणाली.

"आठ."

"नातवंडं किती आहेत तुम्हाला?"

"चार."

"मग पुढच्या वर्षी पुन्हा लागेल. साडेनऊ. आणि बकरी बाहेर बांधा."

त्यानं नोटा मोजून दिल्या, क्रुसितानं त्या न मोजता नोनोनच्या हातात दिल्या. दुपारपर्यंत पंप बसला. मी आता प्लॅस्टिकच्या खुर्चीवर शेंगा सोलत होते. पाठीला लागते, पण लागू दे. ओंडके तसेच होते आणि त्यांच्या खालची फरशी कोरडी, धुळीची.

"बसला," नोनोन गाडीखालून म्हणाला. "पण दोन्या, पेट्रोलशिवाय चावी फिरवू नका. एकदाही नको."

क्रुसितानं अर्ध्या गॅलरीकडं पाहिलं, पोछ्याकडं पाहिलं, आणि स्वयंपाकघरातून पिवळा कॅन आणला. कोपऱ्यावरच्या मोटरसायकलवाल्याला हाक मारली आणि मागं बसली, एका अंगानं, कॅन मांडीवर.

"कुठं निघालात, कोमाद्रे?" मी विचारलं.

"चौकात. पाच गॅलन पेट्रोल आणायला."